मेंढरं थांबाया लागली

१७ डिसेंबर. सासूबाईंचा एक्स-रे आणायला छातीच्या दवाखान्यात गेले होते. व्हरांड्यात पटका बांधलेले एक मेंढपाळ बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून फेऱ्या घालत होते. तापातून उठून त्यांना तीन महिने झाले होते, फुफ्फुसं कितपत सावरली हे बघायला सहा मिनिटं चालायचं होतं.

“एवढंच व्हय? मग मेंढरं कुटं हायत?” त्यांनी तपासणाऱ्या मुलीला विचारलं. ती हसली. चौथ्या फेरीला ते भिंतीला टेकले, तेव्हा तिचं हसू थांबलं.

डॉक्टरांना भेटून ते माझ्या शेजारी येऊन बसले. पटका सोडला, पुन्हा सावकाश बांधला. तेवढ्यात दम खाऊन घेतला.

“फुफ्फुसाला कायमचा वण ऱ्हाणार म्हनं. पर तवाच कळाया पायजे हुतं, ताई. मेंढरं पुडं जाऊन माज्यासाटी थांबाया लागली की.”

“मग तेव्हाच का नाही आलात?”

“मला वाटलं, शानी झाली.”

मी मोठ्यानं हसले. मग आठवलं, मला फ्लू होऊन गेल्यापासून सकाळी फिरताना मैत्रिणी वळणावर थांबतात. मी त्यांना आळशी म्हणत होते.

१८ डिसेंबर. सकाळी फिरायला गेले नाही. त्याच व्हरांड्यात बोटाला चिमटा लावून सहा मिनिटं चालले.