मोरूचा ट्रॅक्टर आणि रामा तांडेलाचा कोरा दोर

मोरू माझा मामेभाऊ. चिंचणीच्या रामा तांडेलाचा एकुलता एक मुलगा. मोरू गेल्यावर त्याच्या नातवंडांनी मला त्याच्याबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या. माझ्याहून बरं लिहिणाऱ्याने हे करायला हवं होतं. पण त्या दिवशी दोर धरणाऱ्यांपैकी आता मीच उरलो आहे, म्हणून लिहितो.

मोरूला होडी लागायची. होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या मुलाला होडी लागावी ही आमच्या किनाऱ्यावर हसण्याची गोष्ट होती, आणि लोक हसतही. होडी खाडीचं तोंड ओलांडून बाहेर आली की मोरू काठाला धरून ओणवा व्हायचा, तो परत येईपर्यंत तसाच. पण होडी वाळूवर असली की त्याच्यासारखा माणूस नव्हता. तेव्हा होड्यांना नुकतीच मशिनं बसू लागली होती. कुणाचंही इंजिन अडलं की मोरूला हाक जायची, आणि तो काळ्या हातांनी, पाय वाळूत रोवून, ते चालू करून द्यायचा.

१९६१ साली डहाणू रोडजवळच्या सरावलीच्या एका गवताच्या वखारीतून त्याला बोलावणं आलं. तलासरी, उधवा या बाजूचं गवत त्या वखारीत येई, प्रेसमध्ये दाबून त्याच्या गाठी होत आणि गाठी डहाणू रोडला वॅगनमध्ये चढत. प्रेस चालायची ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर. मालक भावाभावांत भांडण होऊन वखार काही वर्षं बंद पडली होती आणि ट्रॅक्टर छपराखाली उभाच होता. आता धाकट्या शेठने वखार पुन्हा उघडायचं ठरवलं होतं. ट्रॅक्टर चालू झाला तर तो चालवायची आणि प्रेस सांभाळायची कायमची नोकरी मोरूची, असं वखारीचे कारभारी चिमणभाई यांनी कबूल केलं.

रामामामाला हे पसंत नव्हतं. त्याच्या होडीवर इंजिन समजणारा दुसरा माणूस नव्हता.

"पुनवेपर्यंत मुदत," तो मोरूला म्हणाला. "तोवर ते धूड चाललं तर तुझं तू बघ. नाही चाललं तर नारळ वाहिला की गुमान होडीवर यायचं. आणि मग वखारीचं नाव काढायचं नाही."

मोरू हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार. नारळी पुनवेला अजून महिना होता.

मी एकदा त्याला भेटायला गेलो तेव्हा ट्रॅक्टरची दशा पाहिली. पुढच्या चाकाला वाळवीने वारूळ चढवलं होतं. धुराड्यात उंदरांनी घर केलं होतं. आणि सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती राखणदार लाहूच्या बायकोची, शुक्रीची.

"तिला उठवायची नाय," शुक्री म्हणाली. "पिलं निघंपर्यंत तिकडनं काम करा."

"शुक्रे, मला गिअर बघायचाय," मोरू म्हणाला.

"गिअर काय उडून जातंय? इतकी वरसं हाय तिथंच हाय."

मोरूने कोंबडीला उठवलं नाही. तो पुढच्या बाजूने कामाला लागला आणि कोंबडी मागून त्याच्यावर डोळे वटारून बसली. इंजिन पार जाम होतं. त्याने नोझल काढले, त्या भोकांतून घासलेट आणि ऑइल ओतून ठेवलं, आणि रोज सकाळी हँडल लावून जोर करून पाहू लागला. हँडल जागचं हलेना. मधल्या वेळात टाकी खोलली, तर आत डिझेल कमी आणि गंजाचं पाणीच जास्त. ती धुतली. नळ्या फुंकून साफ केल्या. नोझल स्टेशनाजवळच्या लॉरीवाल्यांकडे नेऊन तपासून आणले.

डिझेलचा डबा आणायची त्याची बायको चंद्रावती. ती सुकी मासळी विकायला डहाणू रोडला यायचीच. डोक्यावर पाटी, हातात डबा. गिऱ्हाइकं कुरकुरत, "बाय, तुझ्या बोंबलाला इंजिनाचा वास येतो." ती म्हणायची, "मग लवकर शिजतील."

एके दिवशी हँडल वीतभर फिरलं. मोरूने तेव्हा लाहूला मिठी मारली म्हणतात. पुढे ते पूर्ण फिरू लागलं, पण फिरणं वेगळं आणि इंजिन पेटणं वेगळं. पावसाळी गारठ्यात ते थंडगार पडलेलं. दोघांनी मिळून हँडल मारलं तरी हवा तेवढा वेग येईना. बॅटरी मेलेली होती.

चिमणभाई म्हणाले, "शेठ नवी बॅटरी नाय देणार. आधी चालू करून दाखव, पछी बॅटरी."

म्हणजे ट्रॅक्टर ओढून चालू करायला हवा होता. गिअरमध्ये टाकायचा, क्लच दाबून धरायचा, लोकांनी ओढायचं आणि चाकांनी वेग घेतला की क्लच सोडायचा. बैल जुंपून पाहिले, ते चिखलात घसरले आणि बुजले. उरली माणसं. आणि उरला एकच दिवस.

त्याच दिवशी आम्ही डहाणू रोडला होतो. रामामामा, चार खलाशी आणि मी. मोसमासाठी नवा दोर घ्यायला आलो होतो. दोर घेऊन झाल्यावर मामा म्हणाला, "चला, वखारीवरून पोराला घेऊन जाऊ. त्याचं काही होत नाही आता."

वखारीच्या अंगणात लाहू आणि त्याच्याबरोबरचे दहाबारा मजूर ट्रॅक्टर ओढत होते. सीटवर मोरू, कारण कोंबडी पिलं घेऊन कधीच उतरली होती. प्रत्येकजण आपल्या मनाने ओढत होता. एक जोर लावायचा तेव्हा दुसरा हात झटकायचा. ट्रॅक्टर जरा हलायचा आणि बसायचा. आमच्या डोळ्यांदेखत त्यांचा जुना दोर तुटला आणि सगळे एकमेकांवर पडले.

चंद्रावती पाटी उतरवून बाजूला उभी होती. मामाला पाहून तिने पदर सारखा केला.

"येतोस ना, मोरू?" मामा म्हणाला. "चल, पुरे झालं."

"अजून पुनव लागली नाही, बा," मोरू वरून म्हणाला.

मामाने अंगणाकडे पाहिलं, तुटलेल्या दोराकडे पाहिलं. "हे काय ओढणं झालं? कोणी कोणाच्या हाकेला नाही. अशाने होडी उन्हाळाभर वाळूतून हलायची नाही."

"राहू द्या मामंजी," चंद्रावती म्हणाली. "जमिनीवरचं काम आहे. तुम्हा दर्यावरच्या माणसांना झेपायचं नाही."

मी तिच्याकडे पाहिलं, तर ती दुसरीकडे बघत होती.

मामा आमच्या नव्या दोराच्या वेटोळ्याकडे वळला. मग म्हणाला, "दोर सोडा."

आमच्यातला धाकल्या म्हणाला, "तांडेल, कोरा दोर आहे. दर्याचं पाणी लागायच्या आधी चिखलात घालायचा?"

"धुता येतो," मामा म्हणाला.

त्याने स्वतः गाठ मारली. माणसं दोन्ही बाजूंना उंचीप्रमाणे उभी केली, एक खलाशी, दोन मजूर, एक खलाशी, दोन मजूर. लाहूला सगळ्यांत पुढे घेतलं, म्हणाला, "तू माझ्या तोंडाकडे बघ. मी हैसा म्हटलं की ओढ, हो म्हटलं की श्वास घे. मध्ये काही नाही." मग बाजूला उभा राहून त्याने हाक दिली. होडी वाळूवरून लोटताना देतो तीच. पहिल्या हाकेला ट्रॅक्टर हलला. पाचसहा हाकांत उतार लागला, आम्ही चालता चालता धावू लागलो, आणि मामा आमच्या बरोबरीने हाक देत धावत होता.

"सोड आता," तो ओरडला. मोरूने क्लच सोडला. ट्रॅक्टरने गचका खाल्ला, धुराड्यातून उंदराच्या घरट्याचं राहिलेलं गवत उडालं, काळा धूर आला, इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि धडधडायला लागलं.

मजा इथून पुढे झाली. ट्रॅक्टर थांबेना. आम्ही दोर टाकून दोन्ही बाजूंना पळालो. मोरूने चक्र फिरवून फाटकाऐवजी मोकळ्या अंगणाकडे वळवला, कसाबसा खालचा गिअर टाकला, तर तो तिथेच अडकला आणि क्लचही पुन्हा दबेना, म्हणून माणसाच्या चालीने गोल फिरू लागला. मामा त्याच्या शेजारून चालायला लागला. मीही मागोमाग.

"बंद कर ते."

"बंद केला आणि परत पेटला नाही तर?"

"मग ब्रेक दाब."

"लागत नाही. गंजलाय."

"तो आधी बघायचा नाही?"

"होडीला ब्रेक कुठे असतो, बा? ध्यानातच आलं नाही."

अर्धी फेरी मामा गंजलेल्या ब्रेककडे बघत चालला.

"चाललं तर तुझं तू बघ, असं बोललो होतो," तो म्हणाला.

"चाललंय."

"दिसतंय मला. पण भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर कोण बघणार? या पाच जणांना मी कुणाच्या भरवशावर नेऊ?"

ही त्याची खरी काळजी होती. मोरूलाही ती कळत होती.

"गेल्या साली बंद पडलं तेव्हा मी होडीवरच होतो ना?" तो म्हणाला. "काय केलं मी?"

"ओकलास."

"मग?"

मामा हसला नाही, पण त्याची चाल मंदावली. मोरूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "याला शिकवतो. याला होडी लागत नाही."

मी म्हणालो की मला जमणार नाही. आजही मी तेच म्हणेन. मामाने मला दंडाला धरून चालत्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढवलं.

"आत्ता शिकव," तो म्हणाला. "उद्याच्या भरतीला निघायचंय."

मग त्या फेऱ्यांमध्ये मोरू मला धडधडीवरून ओरडून सांगत राहिला. नळीत हवा शिरली की इंजिन गप्प होतं. हा स्क्रू ढिला करायचा, फेस जाऊन स्वच्छ डिझेल आलं की आवळायचा. हा आवाज आला की पाणी बघायचं. मी प्रत्येक गोष्ट परत बोलून दाखवत होतो. चिमणभाई ओट्यावरून, "हे काय चाललंय," म्हणून विचारत होते आणि चंद्रावती त्यांना, "शाळा," म्हणून सांगत होती.

शेवटी लाहूने जुन्या गवताच्या ढिगाकडे बोट दाखवलं. मोरूने ट्रॅक्टर त्यात घातला आणि तो गवतात रुतून बंद पडला. मामा म्हणाला, "आता परत चालू करून दाखव." ट्रॅक्टर थांबल्यावर गिअर सुटला होता आणि इंजिन गरम होतं. लाहूने आणि मोरूने हँडल मारलं आणि ते पेटलं. मामाने मान हलवली, दोर गुंडाळला आणि विहिरीवर जाऊन दोन्ही हात पसरून वावभर वावभर धुतला.

दुसऱ्या दिवशी नारळ वाहून होडी निघाली, इंजिनाजवळ मी बसलो होतो. भीती वाटत होती, पण त्या साली इंजिन एकदाच अडलं, आणि ते हवेनेच अडलं होतं.

मोरूने ती प्रेस बरीच वर्षं चालवली. ब्रेक त्याने पहिल्याच आठवड्यात दुरुस्त केले. गवताच्या दिवसांत रामामामा वखारीत यायचा, एखाद्या गाठीवर पाय सोडून बसायचा आणि गवत घेऊन आलेल्या गाडीवानांना ट्रॅक्टर दाखवायचा.

"हा मी चालू केला," तो सांगायचा. "माझा पोरगा नुसता वर बसला होता."

मोरू गाठीची तार आवळत असायचा. गाडीवान त्याच्याकडे बघायचे.

"खरं आहे," मोरू म्हणायचा, आणि बापाला चहा आणायला कुणाला तरी पाठवायचा.