देवीला ‘जा’ म्हणत नाहीत

“स्मॉलपॉक्सचा संशय आहे,” डॉक्टर म्हणाले. स्मॉलपॉक्स म्हणजे देवी. माझी लहानगी शोभा अंगभर फोड घेऊन कडुलिंबाच्या पाल्यावर निजली होती.

सत्तरच्या दशकातला नागपूरचा उन्हाळा. देवीचे रोगी शोधणारी माणसं आमच्या इतवारी भागात घरोघर फिरत होती. आमच्या दारी एक गोरे डॉक्टर आले, सोबत दुभाषी म्हणून पुण्याकडचे हे आपले डॉक्टर. सासूबाई म्हणाल्या, “आजारी कोणी नाही जी. माय आली हाय.”

आमच्याकडे देवीचं नाव घेत नाहीत, माय म्हणतात. पुण्याच्या डॉक्टरांनी इंग्रजीत सांगून टाकलं, यांच्या आई पाहुण्या आल्यात. दोघं निघालेसुद्धा. पण गोरे डॉक्टर आधी बिहारात हिंडलेले. दाराला खोचलेली कडुलिंबाची डहाळी दिसली, देवीच्या घराची ती खूण ओळखून ते मागे फिरले आणि आत येऊन त्यांनी शोभाला पाहिलं.

लगेच गल्लीत देवीची लस टोचणं सुरू झालं. “लस रशियाची, सुई अमेरिकेची, दंड तेवढे आमचे,” शेजारीण कुरकुरली.

शोभाला आयसोलेशन वॉर्डात हलवलं, म्हणजे साथीच्या रोग्यांची वेगळी खोली. मी तिच्याजवळ. फोडांच्या खपल्यांचं सँपल, म्हणजे नमुना, तपासायला दूर पाठवलं. निकाल येईपर्यंत माझ्या हाती काय होतं? वारा घालायचा, माशा हाकलायच्या, तिनं खाजवू नये म्हणून हात धरून बसायचं. रात्री मला कूस बदलायचाही कंटाळा यायचा.

सासूबाईंचा डावा डोळा लहानपणी देवीनं नेलेला. त्या भर उन्हात दवाखान्याच्या कुंपणापाशी येत. “दिसून राहिलं का वं तिले?” एवढंच विचारत. मी होकाराची मान हलवायची. देवावर रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

शेवटी निकाल आला. चिकनपॉक्स, म्हणजे कांजण्या. शोभाचे डोळे शाबूत राहिले. त्या दिवशी मी पोटभर रडले आणि मग बसल्या जागी झोपले.

तुमच्या दारी कोणी विचारायला आलं, तर आजार लपवू नका, आडवळणानं सांगू नका. एवढ्यासाठीच हे लिहिते आहे.

आम्ही घरी आल्यावर दोन्ही डॉक्टर शोभाला बघायला आले. सासूबाईंनी मायच्या बोळवणीचा दहीभात कालवला होता. त्यांनी विचारलं, “ह्या कांजण्या होत्या, तं मंग खरी माय कुठी हाय?”

गोरे डॉक्टर बोलले आणि पुण्याच्या डॉक्टरांनी या वेळी जपून सांगितलं, “आजी, ती आता फार थोड्या जागी उरलीय. ती कायमची संपावी म्हणून सगळे देश मिळून शोधताहेत. भांडणारे देशसुद्धा.”

“अन् संपली तं पोरायचे डोळे नाही जाणार?”

“नाही जाणार.”

सासूबाई दहीभाताचं पान घेऊन गल्लीच्या टोकाला गेल्या. मी मागोमाग. देवीला ‘जा’ म्हणत नाहीत, ती कोपते. ‘ये माय’ म्हणूनच तिला बोळवायचं. त्यांनी पान खाली ठेवलं आणि हात जोडले.

“जाय माय,” त्या म्हणाल्या. “आता येऊ नको.”