गंगाबाईंचा घसा आणि संत ब्लेझ

मिरकरवाड्यात गंगाबाई भाटकर चाळीस वर्षं मासळी विकत आल्या. बंदरावरच्या गोंगाटातही त्यांची हाक वेगळी ओळखू यायची. गेल्या ऑक्टोबरात एका दुपारी भिंग या काटेरी माशाचं कालवण आणि भात खाताना काटा त्यांच्या घशात आडवा रुतला.

आधी त्यांनी खाकरून पाहिलं, मग पाणी प्यायल्या. पाणी नाकातून उलटलं. थुंकीत रक्ताची तार दिसली आणि त्यांचे हातपाय गार पडले. घरात दुसरं कोणी नव्हतं. भाताचा मोठा गोळा तोंडात कोंबतच त्या शेजारच्या फिलोमिनाबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. फिलोमिनाबाई निवृत्त नर्स.

"थूक तो भात आधी! काटा आणखी आत जाईल," त्या ओरडल्या आणि रिक्षा बोलावली.

रिक्षात गंगाबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "मी मरन काय गो?" शब्द धड उमटत नव्हते.

"बोलू नकोस. नाकाने श्वास घे नि ऐक. आमचा एक संत आहे, ब्लेझ. सतराशे वर्षांपूर्वी तुर्कस्तानाकडे बिशप होता. धर्म सोडत नाही म्हणून शिपाई त्याला धरून नेत होते. वाटेत एका बाईने आपलं पोर त्याच्या पायावर घातलं. घशात माशाचा काटा, तुझ्यासारखाच. तो थांबला, प्रार्थना केली, नि पोर वाचलं."

गंगाबाई प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होत्या, पण ऐकत होत्या. दवाखान्यात तासभर थांबावं लागलं. मग डॉक्टरांनी दुर्बीण घालून चिमट्याने काटा काढला.

काटा निघाला, पण भीती घशातच राहिली. तीन महिने गंगाबाई पेजेवर होत्या. रोज सकाळी आरशात आ करून बघायच्या. टोपलीतला मासा हातात घेतला की आधी काट्याकडेच नजर जायची. त्यांची हाक बंद झाली. गिऱ्हाईकं तुटायला लागली.

तीन फेब्रुवारीला, त्या संताच्या सणाला, फिलोमिनाबाईंनी त्यांना चर्चमध्ये नेलं. फादर दोन न पेटवलेल्या मेणबत्त्या फुलीसारख्या धरून एकेकाच्या गळ्याला लावत होते आणि त्या बिशपचं नाव घेत होते. रांगेत बाजारातली शमिकाही होती. "मी दरवर्षी येते," ती कुजबुजली. "आपण माशावर जगणारी माणसं ना!"

मेणबत्त्या गळ्याला टेकल्या तेव्हा गंगाबाईंनी फिलोमिनाबाईंचा हात धरला.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "फिलू, पुढे त्याला सोडलं ना शिपायांनी?"

फिलोमिनाबाई म्हणाल्या, "नाय गो. हाल करून मारलं. रिक्षात मुद्दामच नाय सांगितलं."

गंगाबाई पायरीवर बसल्या. "म्हणजे स्वतः मरायला चाललेला?"

"हो."

"घाबरला असेल."

"असेलच की. माणूसच तो."

"तरी त्या पोरासाठी थांबला," गंगाबाई म्हणाल्या.

त्या रविवारी फिलोमिनाबाईंनी सुरमईची तुकडी काटा काढून त्यांच्या ताटात ठेवली. गंगाबाईंनी घास हातात धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. कपाळावर घाम होता. शेवटी त्यांनी तो चावला, कितीतरी वेळ चावला, आणि डोळे मिटून गिळला.

मंगळवारी त्या टोपली घेऊन बंदरावर गेल्या. पहिली हाक फाटकी निघाली. दुसरी मात्र थेट बंदराच्या टोकाच्या बर्फाच्या कारखान्यापर्यंत ऐकू गेली.