न्हाणीचा झरोका

‘‘हवा कुटनं येती?’’

दारात आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न हा. रामराम नाही, पाणी नाही. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून ते घराला वळसा घालून मागच्या बोळात जायचे आणि बाथरूमच्या झरोक्याकडे मान वर करून बघत राहायचे. पहिल्या वेळी मी म्हटलं, ‘‘अहो, गिझर आत आहे.’’ तर म्हणाले, ‘‘गिझर कुटं पळून जात न्हाई, वहिनी. आदी हवा बगू दे की.’’

कसबा बावड्यात आमची कॉलनी नवी होती. सकाळी वीज जायची, त्यामुळे घरोघरी गॅसचे गिझर आले आणि गिझरबरोबर ते बसवणारे हे मिस्त्री आले. आधी इचलकरंजीला कापडाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. तिथली शिस्त त्यांनी आमच्या चार बाय सहाच्या न्हाणीत आणली.

दिवाळीआधी एकदा आणि होळीनंतर एकदा, न बोलावता यायचे. सिलिंडर बंद करायचा, बर्नर काढून घासायचा, बारीक तारेनं भोकं मोकळी करायची. मग दाढीचा ब्रश साबणाच्या फेसात बुडवून नळीच्या प्रत्येक जोडाला लावायचा आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. ‘‘काडी ओढून गळती शोदनारा एकदाच शोदतो,’’ असं वर सांगायचे. शेवटी गिझर पेटवून उदबत्ती धरायची. धूर झरोक्यातून बाहेर गेला की पिशवी उचलायची आणि दारातून बजावायचं, ‘‘बादली भरायची, गिझर बंद करायचा, मग अंगोळ.’’

भारी हट्टी माणूस! पलीकडच्या घरात झरोका नव्हता, तिथं त्यांनी गिझर बसवायला साफ नकार दिला. ‘‘तुमाला गिझर नगो, डाक्टर लागंल,’’ असं तोंडावर सांगून आले.

माझ्याशी मात्र हरले. त्यांना आमचा गिझर बाहेर, बोळातल्या भिंतीवर हवा होता. पावसात गंजेल, कुणी उचलून नेईल, असं मी तासभर डोकं खाल्लं. शेवटी आत बसवला आणि म्हणाले, ‘‘पन ह्या झरोक्याला हात लावायचा न्हाई. शबूद द्या.’’ दिला की मी!

पुढच्या वर्षी माझी लेक बाळंतपणाला आली. थंडीचे दिवस. आपल्याकडे बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नसतं, तुम्हाला काय सांगायचं. मी जुन्या गोधडीचा तुकडा घेतला आणि झरोका गच्च बुजवला. मनात एकदा त्यांचा चेहरा आला, नाही असं नाही. म्हटलं, सव्वा महिन्याचा तर प्रश्न आहे.

चार-पाच दिवसांनी गिझरची निळी ज्योत पिवळी दिसायला लागली. त्यांना फोन केला. ‘‘मी येतोय. तवर पेटवू नगासा,’’ म्हणाले. इकडे लेकीला तेल लावून झालं होतं, ती कुडकुडत होती. चुलीवर पातेलं ठेवायला मला काय धाड भरली होती? पण नाही. गिझर पेटवला, तिला आत बसवलं, दार लावून घ्यायला सांगितलं आणि मी बाळाच्या धुरीची शेगडी पेटवायला गेले.

मागच्या बोळातून त्यांची आरोळी आली. ‘‘वहिनी! आत कोन हाय?’’

मी धावले. लेकीला हाका मारल्या, आतून फक्त पाणी पडल्याचा आवाज. तोवर ते आत आले होते. एका धक्क्यात कडी उखडली. गिझर बंद केला, दोरीवरचं लुगडं ओढून तिच्यावर टाकलं आणि आम्ही दोघांनी तिला ओढत अंगणात आणलं. मान, हातपाय, सगळं ढिलं. केव्हा तरी तिनं मोठा श्वास घेतला आणि भडाभडा ओकली. मला त्या ओकारीचंसुद्धा कौतुक वाटलं हो!

रिक्षा येईपर्यंत त्यांनी गोधडीचा तुकडा काढून माझ्या हातात कोंबला. ‘‘लपवा. ताईच्या सासूला दिसाय नगो.’’

विहीणबाई दवाखान्यात आल्या त्याच तणतणत. ‘‘कशानं झालं हे?’’ मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी ते बोलले. ‘‘माजी चूक झाली. साफ करायचं ऱ्हाऊन गेलतं.’’ विहीणबाईंनी त्यांना सगळ्यांसमोर नाही नाही ते ऐकवलं. ते मान खाली घालून उभे होते. मी लेकीच्या पायावरची चादर नीट करत राहिले.

आठवड्यानं ते आले आणि गिझर बाहेरच्या भिंतीवर लावून दिला. मी विचारलं, ‘‘दवाखान्यात दोष अंगावर का घेतलात?’’

‘‘लेकराचं आजोळ तुटलं असतं, वहिनी. माजं काय, धा घरं गेली तर धा मिळत्यात.’’

मिळाली नाहीत. बातमी कॉलनीभर झाली, लोक दुसऱ्या माणसाला बोलवायला लागले. होळी गेली, दिवाळी गेली, ते परत आमच्या गल्लीत दिसले नाहीत. मला सगळं दिसत होतं. आज सांगते उद्या सांगते करत सात वर्षं काढली मी.

नातवाच्या वाढदिवसाला विहीणबाईंनी पाहुण्यांना तो किस्सा पुन्हा सांगितला. ‘‘त्या बेअक्कल मिस्त्रीनं माझी सून मारलीच होती!’’ मी पुऱ्या वाढत होते. त्या दिवशी मला माझीच किळस आली. दुसऱ्या दिवशी विचारत विचारत त्यांचं घर गाठलं.

ते गणपतीच्या आधीच गेले होते. बायकोनं सतरंजी टाकली. ‘‘बावड्याच्या व्हय तुमी? त्या पोरीची लई खंत हुती त्यास्नी. गिझर आत बसवला तितंच माजं चुकलं, म्हनायचे.’’

मी रडत रडत सगळं सांगितलं. गोधडी, पिवळी ज्योत, फोन, दवाखाना. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, ‘‘हे तुमच्या त्या विहिनीला म्हाईत हाय?’’

मी मान हलवली. नाही.

‘‘मग मला सांगून काय उपेग, बाई?’’

मी पर्समधून मोबाइल काढला आणि तिथंच, त्या सतरंजीवर बसून विहीणबाईंना फोन लावला. पलीकडे घंटी वाजत होती. ती भिंतीला टेकून माझ्याकडे बघत उभी राहिली.