कशावरूनबाई

आमच्या थोरल्या जाऊबाई कुठल्याच गोष्टीला पटकन मान डोलवायच्या नाहीत. मांजर आडवं गेलं म्हणून मामंजी परत फिरले, तरी यांचं पदराआडून सुरू, "कशावरून?" गुलमंडीमागच्या आमच्या घरात त्यांना 'कशावरूनबाई' म्हणूनच चिडवत.

पोलीस ॲक्शननंतर त्या वर्षभर कॉलेजात सायन्स शिकल्या आणि लग्न होऊन चुलीपाशी आल्या. शाळा उर्दूतली, म्हणून प्रयोगाला 'तजुर्बा' म्हणायच्या. सासूबाईंचा दारावर असा पहारा, की वाण्याकडेही एकटीनं जायची सोय नव्हती. मग तजुर्बे स्वयंपाकघरात. देवाचं नाव घेतल्याशिवाय दही लागत नाही म्हटलं, की या दोन गाडगी मांडायच्या, एक नाव घेऊन, एक मुकाट्यानं. "विचारायचंच नाही, तर माणसात आणि बैलात फरक काय गं?"

माझं पहिलं लेकरू फाटक्या ओठाचं जन्मलं. दूध ओढता येईना, महिन्याच्या आत गेलं. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "गिऱ्हाणात वांगं चिरलं हिनं. हिनंच लेकराचा व्हट कापला." वांगं मी चिरलं होतं, ते खरंच. पुढं दुसऱ्या लेकराच्या नावानंही मला कापरं भरायचं.

पुढच्या ग्रहणाला जाऊबाईंचे दिवस भरत आले होते. सासूबाईंनी त्यांना माजघरात घातलं, सोबतीला मला, आणि बाहेरून कडी लावली. फटींत चिंध्या कोंबलेल्या, उकाड्यानं जीव गुदमरलेला. जाऊबाईंनी गोधडीखालून विळी आणि काकडी काढली. मी त्यांचे पायच धरले.

"नका हो बाई! माझं झालं तेवढं बास."

"तुझ्या हातून झालं हे कशावरून?"

"तुम्हाला भ्या नाय वाटत?"

"लई वाटतं. म्हणून तर बघायचं." त्यांनी काकडी चिरली. पुरावा नको म्हणून दोघींनी खाऊनही टाकली.

मुलगा झाला, धडधाकट. सासूबाई गावभर सांगत सुटल्या, "कोंडून ठिवलं म्हनून निभावलं!" जळलं मेलं! खरं बोलायची चोरी, बोललो असतो तर दोघींना माहेरची वाट धरावी लागली असती. घराच्या लेखी मी शेवटपर्यंत पापीणच.

बाळंतिणीच्या खोलीत जाऊबाईंनी माझं बोट धरून बाळाच्या ओठावरून फिरवलं. मला हुंदका आवरेना.

"रडू नको. एका लेकरावरून काही साबित होत नाही," त्या म्हणाल्या. "दुसरं तुझं पाहिजे."

जाऊबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या तोंडात पाणी माझ्या लेकीनं घातलं.