वाघरीचं दार

मायाक्का सिस्टरबद्दल कुंडलिकला सांगता येण्यासारखं फार थोडं. ती सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली आणि सोलापुरात एका दवाखान्याच्या नवजात कक्षात कामाला, एवढंच. तिला मुलंबाळं होती का, हेही त्याने कधी विचारलं नाही. सारी ओळख नातवाच्या त्या आजारापुरती.

नातू जन्मला आणि त्याला झटके येऊ लागले. कुंडलिकला स्वतःलाही फिटचा जुना आजार. एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर कामाला होता तेव्हापासून रोज गोळी घेतली की डोकं शांत. रक्त आपलंच, तर औषधही आपलंच लागू पडेल, असं त्याने मनाशी धरलं. घरून गुटीची सहाण आणली आणि कक्षाबाहेरच्या बाकावर तो गोळी उगाळायला बसला.

मायाक्काने पाहिलं. "मामा, हे काय?"

"नखभर चाटवतो बाळाला. माझीच गोळी हाय."

"आवो, मेंढ्याचं औषध कोकराला पाजता व्हय?" तिने सहाणच उचलली.

"मला गुण येतो की हिनं."

"तुमाला. त्याला न्हाय." मग त्याचं तोंड बघून ती बाकावर टेकली. "वाघर म्हंजे आमची मेंढरं कोंडायची जाळी. तिचं दार उघडलं, तर मेंढरं आत जातील का बाहेर येतील?"

"आत किती हायेत त्यावर की."

"मेंदूच्या पेशीलाबी तसली दारं असतात. शांत व्हायचा निरोप आला की ती उघडतात. तुमच्या पेशीत मिठाचे कण कमी, म्हणून ते आत शिरतात आन् पेशी निवते. बाळाच्या पेशीत ते आधीच खच्चून भरलेत. दार तेच, निरोप तोच, पण कण बाहेर धावतात आन् पेशी उठून बसते. तुमची गोळी त्या दारालाच जोर देते, मग बाळाचे झटके वाढायचे. डॉक्टरसुद्धा असलं औषध बाळाला मापून देतात, आन् देऊन बघत बसतात."

"अशी उलटी तऱ्हा कशापायी?"

"उलटी न्हाय. त्या गडबडीतच पेशी एकमेकींना धरतात. मग जादा मेंढरं हळूहळू बाहेर काढली जातात, आन् त्याच निरोपानं पेशी निजायला शिकते."

कुंडलिक काचेतून बघत राहिला. मुठीएवढं डोकं ते. त्यात या घडीला अगणित दारं उघडत होती, मिटत होती. हाकारणारा कोणी नाही, तरी कळप आपली वाट धरत होता. कधीकाळी आपल्यातही हे सारं होऊन गेलं आणि आपल्याला पत्ता नाही! त्याने हळूच स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

डॉक्टरांच्या औषधाने झटके थांबले. नातवाच्या पुढच्या तपासणीला कुंडलिक गेला तेव्हा मायाक्का नोकरी सोडून दुसरीकडे गेली होती. त्यामुळे दोघांचं शेवटचं बोलणं, ते बाळाला घरी नेतानाचंच. त्या दिवशी तिने कपाटात ठेवलेली सहाण आणून त्याच्या हातात दिली.

"मामा, सकाळची गोळी घेतली का?"

"जेवल्यावर घेतो."

"उगाळू नका. गिळा."

"व्हय, सिस्टर."