आजाऱ्याच्या खाटेवर बसू नये

पाळकाने आजाऱ्याच्या खाटेवर बसू नये, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवलं. जळगावच्या बाहेर, नशिराबादच्या रस्त्याला आमचं ख्रिस्ती महाविद्यालय होतं. महाविद्यालय हा शब्द जरा जास्तच झाला. कौलारू खोल्यांची एक ओळ, छोटंसं चर्च, विहीर आणि मूठभर विद्यार्थी. तिथे आम्ही पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, व्हायला शिकत होतो. पवित्र शास्त्र, ख्रिस्ती मंडळीचा इतिहास, जेमतेम गळ्याखाली उतरेल इतकं ग्रीक, आणि उपदेश कसा करावा. 'आजाऱ्यांची भेट' हा त्यातलाच एक विषय. तो शिकवायला एक निवृत्त पाळक सायकलवर यायचे. त्यांना आम्ही गुरुजी म्हणायचो.

गुरुजी आमच्यापैकी एकाला बाकावर आडवं करून आजारी पाडायचे आणि दुसऱ्याला त्याच्या भेटीला पाठवायचे. आजारी पडण्यासाठी वर्गात चढाओढ असे, कारण तेवढा वेळ झोपायला मिळे. भेटायला जाणाऱ्याची मात्र धडगत नसे. उशाशी उभं राहायचं नाही, आजाऱ्याची मान दुखते. काय झालंय म्हणून विचारायचं नाही, सांगायचं असेल तर तो सांगेल. खाटेवर बसायचं नाही, तेवढी एकच जागा त्या बिचाऱ्याची असते. प्रार्थना करू का, असं आधी विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर तोंड पाडायचं नाही. हे शेवटचं गुरुजी दर वेळी बजावत. आम्ही मनावर घेत नव्हतो.

बोलण्यात माझा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. मी प्रार्थनेला उभा राहिलो की चहा निवतो, असं आमचा स्वयंपाकी म्हणायचा. मला ते कौतुकच वाटे. दर रविवारी दुपारी आम्ही सरकारी दवाखान्यात जायचो. पुरुषांचा एक मोठा वॉर्ड माझ्या वाट्याला होता. तिथे बहुतेक शेतकरी माणसं, केळीवाली, कापूसवाली, सगळी हिंदू. पण देवाचं नाव घ्यायला कोणाची हरकत नसे. मी विचारायच्या आधीच हात जोडून तयार. मला वर्षभरात एकाही खाटेवरून नकार मिळाला नव्हता, आणि तो माझ्याच पुण्याईने मिळत नाही असा माझा समज झाला होता.

मग त्याच वॉर्डात माझे बाबा दाखल झाले.

बाबा भडगावला पाटकरी होते. गिरणेच्या पाटाचं पाणी ज्याच्या-त्याच्या पाळीप्रमाणे शेतात सोडायचं, हे त्यांचं काम. माणूस अबोल आणि भारी करारी. मी पाळक होणार म्हटल्यापासून त्यांनी माझ्याशी सरळ बोलणं सोडलं होतं. सुट्टीत घरी गेलो की 'त्याला जेवायला वाढ' असं आईला सांगायचे, मी समोर बसलेला असताना. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आजोबा तर गावोगाव फिरणारे प्रचारक होते. मग बाबांना एवढा राग कशाचा, हे मला उमगत नव्हतं. ते नास्तिक होत चाललेत, असं मी एकदा आईला म्हणालो. तिने मला पाणी आणायला पाठवून दिलं.

त्यांना साखरेचा आजार होता. पाटावर पायाला काहीतरी लागलं आणि जखम भरेना, म्हणून भडगावच्या डॉक्टरांनी जळगावला पाठवलं. आई गावी माझ्या लहान बहिणींजवळ राहिली आणि बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, त्यांच्याबरोबर आली. दिवसा ती खाटेशेजारी बसायची, रात्री खाटेखाली चटई टाकून निजायची.

त्या रविवारी मी एकेक खाट करत बाबांपाशी आलो. पायथ्याशी उभा राहिलो आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, "बाबा, प्रार्थना करू का?"

"नको," बाबा म्हणाले.

तेवढंच. आजूबाजूच्या खाटांवरून माना वळल्या. परक्यांनी कधी नाही म्हटलं नाही, आणि नाही म्हणाला तो माझाच बाप. माझे कान तापले. मी काहीतरी पुटपुटलो आणि पुढच्या खाटेवर गेलो. तिथली प्रार्थना मी फारच मोठ्याने केली.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी हे सगळं गुरुजींना सांगितलं. ते माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. ते सायकलच्या कॅरिअरला पुस्तकं बांधत होते.

"मग तू काय केलंस?"

"पुढच्या खाटेवर गेलो."

"तो प्रार्थनेला नको म्हणाला," गुरुजी म्हणाले. "तुला नको म्हणाला नाही."

मला राग आला. पण संध्याकाळी पाय दवाखान्याकडे वळले ते वळलेच. त्यानंतर मी रोज जाऊ लागलो. पवित्र शास्त्र खोलीवरच ठेवायचं, स्वयंपाक्याकडून डब्यात भाकरी आणि बिनगुळाची आमटी घ्यायची आणि बाबांसमोर नेऊन ठेवायची. ते जेवायचे, मी डबा विसळायचा. आमच्यात बोलणं असं काही होत नसे. मी मोडक्या स्टुलावर बसायचो. खाटेवर बसलो नाही, नियम अंगवळणी पडला होता.

शेजारच्या खाटेवर यावलकडचे एक आबा होते. केळीचे मोठे बागाईतदार. त्यांच्या पोटात गाठ होती आणि ऑपरेशन ठरायचं होतं. आबांना माझ्या प्रार्थना आवडायच्या, लांबलचक असल्या तरी. एकदा त्यांनी गमतीने बाबांना छेडलं, की तुमचा पोरगा साऱ्या वॉर्डासाठी देवाकडे मागतो आणि तुम्हीच तेवढे उपाशी, हे कसं? बाबा काही बोलणार नाहीत असंच मला वाटलं. 

पण बाबा म्हणाले, "पाळक बठ्ठासना ऱ्हास, आबा. माले मना पोऱ्या पाहिजे."

पाळक सगळ्यांचा असतो, त्यांना त्यांचा पोरगा हवा होता. आबा हसायचे थांबले. मी डबा घेऊन नळावर गेलो आणि स्वच्छ झालेला डबा पुन्हा पुन्हा विसळत राहिलो. पाठोपाठ आत्या आली. तिने नळ बंद केला आणि मला सांगितलं, जे घरात कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, तापाने गेली तेव्हा आजोबा दुसऱ्या गावात कोणा आजाऱ्याच्या उशाशी बसले होते. निरोप गेला होता. या माणसाला असं टाकून कसा येऊ, म्हणून ते थांबले. बाबा तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हते. ते ओट्यावर वाटेकडे तोंड करून बसले आणि आईला मातीत ठेवायला न्यायची वेळ आली तरी उठेनात. आजोबा आले ते सगळं आटोपल्यावर. लोक अजून आजोबांना मोठा सेवक म्हणतात. चर्चच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे. मीही त्या फोटोकडे बघूनच पाळक व्हायचं ठरवलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी आबांचं ऑपरेशन ठरलं. त्यांची मुलं रक्ताच्या बाटलीची सोय करायला गेली होती, आणि ती परतायच्या आतच स्ट्रेचर आलं. मी नुकताच डबा घेऊन पोचलो होतो. स्ट्रेचरवर घेतलेल्या आबांनी माझं मनगट धरलं. 

"भाऊ, दारापर्यंत चाल माह्या संगे."

मी हललो नाही. एक मनगट आबांच्या हातात, दुसऱ्या हातात बाबांचा डबा. वर्गात याचं उत्तर कोणी शिकवलं नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. जा म्हणा, असं मनात म्हणत होतो, आणि नको जाऊ म्हणा, असंही. बाबांनी आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. बऱ्याच महिन्यांनी ते माझ्याशी सरळ बोलले.

"जाय," ते म्हणाले. "पण परत येजो."

मी डबा आत्याजवळ दिला. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत आबांनी माझं मनगट सोडलं नाही. त्यांनी विचारल्यावर मी प्रार्थना केली, आणि ती छोटी झाली. दार लागलं. आता परतावं, तर आबांचं माणूस कोणीच नव्हतं. आतून कोणी काही मागितलं तर? म्हणून मुलं येईपर्यंत बाकावर बसलो, आणि तेवढ्यात मला आजोबा कळले. माणूस कसा थांबतो, ते कळलं. मला त्या बाकाची भीती वाटली. मुलं आली तसा मी त्यांना निरोप देऊन उठलो आणि वॉर्डाकडे जवळजवळ पळतच निघालो.

उन्हं उतरली होती. डबा तसाच झाकलेला होता. आत्या वैतागली होती. सांगून दमले, घास घेत नाही, म्हणाली. बाबा उशीला टेकून बसले होते आणि त्यांचं तोंड वॉर्डाच्या दाराकडे होतं. मी दारातून आत शिरताना त्यांचा चेहरा मला दिसला. ते शाळेतसुद्धा न जाणारं पोर मी त्या दिवशी पाहिलं. 

मी स्टूल ओढलं. बाबांनी दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला आणि मोकळ्या झालेल्या चादरीवर थाप मारली. पाळकाने खाटेवर बसू नये असा नियम आहे, असं मी म्हणालो.

"तो नियम पाळकले शे. तू बठ."

मी बसलो. खाट करकरली. बाबांनी आबांचं विचारलं. आत नेलंय, मुलं आली आहेत, एवढं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग हात जोडले आणि डोळे मिटले.

"आते कर," ते म्हणाले.

मीही डोळे मिटले. चहा निवेपर्यंत बोलणारा मी, मला एक शब्द सुचेना.  त्यांचा गुडघा माझ्या पाठीला लागत होता, तेवढं कळत होतं. बराच वेळ काही ऐकू येईना, तेव्हा बाबांनीच आमेन म्हटलं आणि डबा उघडला.